‘पुट अप विथ’ आणि बिचारा काका : या चुका टाळा

माझा पुतण्या लातूरहून नोकरी शोधायला पुण्यात आला आणि तीन महिने आमच्याकडे राहिला. एका परदेशी कंपनीची मुलाखत त्यानं आमच्याच हॉलमध्ये बसून लॅपटॉपवर दिली. मी आत चहा गाळत होतो. पलीकडच्या बाईंनी विचारलं, सध्या राहतोस कुठे? पठ्ठ्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल.’ बाई क्षणभर गप्प झाल्या, मग हसून म्हणाल्या, ‘होप ही इज नॉट दॅट बॅड!’ याला कळेना, मध्येच काकाची चौकशी कुठून आली. त्याला म्हणायचं होतं, काकाकडे उतरलोय. बाईंना ऐकू गेलं, सध्या काकाला सहन करतोय.

तो काका मी. इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करणं आणि दुसऱ्यांची तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे राग यायच्या आधी मला त्या वाक्यातलं व्याकरण दिसलं. ‘पुट अप’ या दोन शब्दांनी मलाही तरुणपणी पाडलं होतं. कुठे कुठे पाय घसरतो ते लिहून ठेवतो.

‘अप’ म्हणजे वर, असा हिशेब करू नका

सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे शिकारीच्या आठवणींचा एक मजकूर आला होता. त्यात वाक्य होतं, ‘द बीटर्स पुट अप अ पार्ट्रिज.’ मी लिहिलं, ‘हाकाऱ्यांनी एक तितर उंचावर ठेवला.’ तपासणाऱ्या गृहस्थांनी समासात लाल पेननं विचारलं होतं, ‘कशासाठी? न्यायला कोणी येणार होतं का?’ हाकाऱ्यांनी तितर उठवला होता. गवतात दबून बसलेलं पाखरू काठ्या आपटून भुर्रकन उडवलं, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट टोकाची चूक क्लासमध्ये शिकवली जाते: फ्रेझल व्हर्बला, म्हणजे क्रियापद आणि ‘अप’सारखं अव्यय यांच्या जोडीला, काही तर्क नसतो, यादी पाठ करा. तर्क असतो, पण तो दोन शब्दांच्या बेरजेत नसतो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ हा श्लोकार्ध आठवत असेल. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेतो. एकाच ‘हृ’पासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. जेवणारा आणि मारणारा एकाच घरातले. इंग्रजीतही तोच कारभार आहे. जुन्या इंग्रजीत ‘अप’सारखी ही अव्ययं बरेचदा क्रियापदाच्या पुढे बसायची, जर्मनमध्ये अजूनही अनेकदा बसतात. मध्ययुगात ती हळूहळू क्रियापदाच्या मागे गेली. उपसर्ग मागे गेला तरी ओढून नेण्याची खोड गेली नाही. सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूलच केलंय की परक्यांना सर्वांत जास्त त्रास होतो तो याच जोडक्रियापदांचा. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र अगदी अलीकडचं. 1925मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे ते रुळलं, आणि त्यांनी त्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं होतं.

या ‘अप’च्या तीन तऱ्हा ओळखता आल्या की निम्मं काम होतं. पहिली खरोखरच वर: भिंतीवर फळी ठोकणं, तंबू उभारणं. दुसरी सगळ्यांना दिसेल असं समोर आणणं: सूचना लावणं, घर विक्रीला काढणं, उमेदवार उभा करणं. दबलेला तितर उठवणंही यातच. तिसरी पुरतं करणं, आवरणं, बंद करणं: ईट अप, टाय अप, लॉक अप. इथे उंचीचा काही संबंध नाही. आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा कोणी काही टाकत नाही, तसंच. आपल्या गोष्टीतली खरी मेख या तिसऱ्या ‘अप’मध्ये आहे.

जुन्या मजकुराला आजचा अर्थ चिकटवू नका

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण अर्थ नुसता बिघडत नाही, उलटा होतो.

1611च्या इंग्रजी बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात, येशूला पकडायला माणसं येतात तो प्रसंग आहे. पेत्र तलवार उपसून एकाचा कान कापतो. तेव्हा येशू त्याला म्हणतो, ‘पुट अप दाय स्वोर्ड इन्टु द शीथ.’ हा उतारा मी एकदा भाषांतर शिकणाऱ्या मुलांना दिला होता. एका हुशार मुलानं लिहिलं, ‘तुझी तलवार म्यानापर्यंत उगार.’ ‘शीथ’ला अर्थ त्यानं बरोबर लावला होता, पण ‘अप’ म्हणजे वरच असं डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की म्यान समोर दिसत असूनही त्यानं तलवार उगारलीच. शांत राहा म्हणणाऱ्याच्या तोंडी त्यानं युद्धाची हाक घातली. त्या वेळच्या इंग्रजीत ‘पुट अप’ म्हणजे आवरून आत ठेवणं, जिथली वस्तू तिथे घालणं. तलवार म्यान कर, बस.

शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्पेरो फर्डिनंडला ‘पुट दाय स्वोर्ड अप’ म्हणतो तेही हेच. ‘ऑथेल्लो’मध्ये नायक तलवारी उपसलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ‘कीप अप युअर ब्राइट स्वोर्ड्‌स’ म्हणतो, दवानं त्या गंजतील असं वर ऐकवतो. तलवारी परजत ठेवा असं त्याला सांगायचं नाही, त्या म्यानातच राहू द्या असं सांगायचंय. नेमक्या उलट जागी आजचा ‘पुट युअर फिस्ट्स अप’ आहे: मुठी वर कर, ये लढायला. मुठी ‘अप’ केल्या की मारामारी सुरू, तलवारी ‘अप’ केल्या की संपली. अशा ठिकाणी शंका आली तर क्रियापदाकडे टक लावून बसू नका, वस्तू ठेवायची जागा वाक्यात आहे का ते शोधा. म्यान, खिसा, पेटी, तबेला यांपैकी काही दिसलं तर ‘अप’ म्हणजे आत.

आता पुढची उडी. तलवार म्यानात घालतात, नाणं खिशात घालतात, मग अपमान कुठे घालायचा? सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज माणूस अपमानही ‘पुट अप’ करू लागला. म्हणजे बदला न घेता आत ठेवून द्यायचा. शेक्सपिअरच्याच ‘टायटस अँड्रॉनिकस’ नाटकात चिडलेला सॅटर्निनस विचारतो की उघडउघड अब्रू गेल्यावर मी ती सूड न घेता ‘पुट इट अप’ करू? ‘ऑथेल्लो’तला रॉडरिगोही म्हणतो की मूर्खासारखं जे सोसलं ते मी मुकाट्यानं ‘पुट अप’ करणार नाही. या दोन्ही ठिकाणी ‘विथ’चा पत्ता नाही. तुमच्यासमोर असं वाक्य आलं तर छपाईची चूक समजून ‘विथ’ घुसडू नका. मी तसं केलेलं एक हस्तलिखित तपासलंय, आणि कर्ता मोठ्या अभिमानानं ‘मूळ प्रतीतली चूक सुधारली’ अशी तळटीप देऊन मोकळा झाला होता.

‘विथ’ आला अठराव्या शतकात, आणि मग सहन करण्याचा अर्थ त्याच्याबरोबरच राहिला. एकट्या ‘पुट अप’नं तो सोडला.

मराठी माणसाला हा प्रवास अवघड वाटू नये, कारण आपल्याकडे ‘घालणे’ आहे. तलवार म्यानात घालतो. चूक पोटात घालतो. उन्हाळ्यात लोणचं घालतो. आणि अमेरिकेतल्या जुन्या घरांमध्ये हिवाळ्यासाठी काकड्या, टोमॅटो, मुरांबे बरणीत भरून ठेवायचे त्यालाही ‘पुट अप’च म्हणत, अजूनही काही म्हणतात. म्यान, पोट, बरणी: तिन्ही ठिकाणी त्यांचं एक क्रियापद आणि आपलं एक. यावरून दोन्ही भाषांचं काही गुप्त नातं आहे असे निष्कर्ष कृपया काढू नका. दोन शेजाऱ्यांच्या घरी एकाच दिवशी पिठलं झालं म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. पण लक्षात ठेवायला याच्याइतकी सोपी खुंटी नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे पोटात घालणं, पण जरा कुरकुरत.

राहण्याचं ‘पुट अप’ आणि सोसण्याचं ‘पुट अप विथ’ यांची गल्लत

इथे पुतण्याची केस. त्याची चूक अडाणीपणाची नव्हती, उलट ती वाड्यासारखी जुनी आहे. घोड्यावरून प्रवास व्हायचे तेव्हा मुक्कामाच्या सरायीत पोचल्यावर पहिलं काम म्हणजे घोडा तबेल्यात नेऊन बांधणं. घोडा ‘पुट अप’ करायचे, म्हणजे परत तेच, आत ठेवायचे. घोडा आत गेला की मालकही त्याच सरायीत मुक्काम करणार. त्यामुळे माणूसही अमक्या सरायीत ‘पुट अप’ करू लागला. साहेबाच्या इंग्रजीतून ते इकडे आलं आणि आपण जपून ठेवलं. ‘व्हेअर आर यू पुट अप?’ हा प्रश्न दादरच्या लोकलमध्ये आजही ऐकू येतो, आणि आपण तो चार दिवसांच्या मुक्कामासाठीच नाही, तर तीस वर्षं राहत्या घरासाठीही विचारतो. लंडनच्या माणसाला तो जुनाट वाटेल किंवा कळणारच नाही.

गंमत अशी की मराठीतही तोच घोडा आहे. आपण पाहुण्याला विचारतो, ‘कुठे उतरलात?’ घोड्यावरून उतरायचं तिथेच मुक्काम करायचा, म्हणून उतरणं म्हणजे राहणं. एकाच मुक्कामाला साहेब ‘अप’ होतो आणि आपण उतरतो.

दुरुस्ती अशी. स्वतः राहत असाल तर ‘स्टेइंग विथ माय अंकल’, किंवा ‘ॲट माय अंकल्स’. ‘पुट अप’ वापरायचंच असेल तर कर्ता बदला: ‘माय अंकल इज पुटिंग मी अप.’ आजच्या इंग्रजीत पुट अप करतो तो यजमान, पाहुणा नव्हे. नुसतं ‘ॲट’ लावूनही जुनं वाक्य जगतं, पण ‘अप’च्या पाठोपाठ ‘विथ’ आणि त्यापुढे माणूस आला की त्या माणसाची धडगत नाही.

जागेवरून शब्द हलवून पाहा

‘पुट अप’चे दोन तुकडे होतात. ‘पुट द गेस्ट अप’ चालतं, ‘पुट अप द गेस्ट’ही चालतं. ‘पुट अप विथ’ मात्र तीन डब्यांची जोडलेली गाडी आहे, मध्ये कोणी चढू शकत नाही. सहन करण्याच्या अर्थी ‘पुट हिम अप विथ’ असं कोणी लिहिलं तर तिथेच थांबवा. ‘आय कान्ट पुट हिम अप’ म्हणजे मी त्याला सहन करू शकत नाही, असं समजणारेही भेटतात. त्याचा अर्थ होतो, माझ्याकडे त्याची झोपायची सोय नाही.

या ठिकाणी हमखास कोणीतरी चर्चिलचा किस्सा सांगतो. वाक्य शब्दयोगी अव्ययानं संपवू नये असं सांगणाऱ्या कारकुनाला चर्चिलनं म्हणे ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’ असं उत्तर लिहून पाठवलं. विनोद फर्मास आहे, पण तो चर्चिलच्या नावावर खपवू नका. 1942मध्ये तो छापला गेला तेव्हा त्यात चर्चिल कुठेच नव्हता, फक्त एका सरकारी खात्यातला कोणी निनावी लेखक होता. बड्या नावाला किस्से चिकटतात, आपल्याकडे आचार्य अत्र्यांना चिकटतात तसे. विनोद घडतो तो ‘अप’मुळे. ‘विथ’ पुढे नेता येतो, ‘अप’ला क्रियापदापासून तोडलं की वाक्य लंगडतं.

सगळं सहन करण्यातच कोंबू नका

‘पुट-अप जॉब’ दिसला की लोक ‘सोसलेलं काम’ लिहितात. तो आधीपासून आतून जुळवून आणलेला डाव. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ कादंबरीत चोरीचा तपास करायला आलेला ब्लेदर्स घरच्या बायकांना समजावतो की चोरीत नोकर सामील असले की तिला आम्ही ‘पुट-अप’ म्हणतो. ‘पुट समवन अप टु इट’ म्हणजे फूस लावणं. ‘पुट अप ऑर शट अप’मधलं ‘पुट अप’ पैशांचं: पैज लावायची तर रक्कम समोर ठेव, नाहीतर गप्प बस. हे ‘अप’ दुसऱ्या तऱ्हेचं, सगळ्यांसमोर काढून ठेवण्याचं.

आणि हे सगळं वाचून जुना अर्थ तोच खरा असं मानू लागाल तर ती आणखी एक चूक. आज ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय हॅव पुट अप युअर फाइल’ लिहून फाइल कपाटात ठेवलीय असं सुचवलंत, तर वाचणारा ती वेबसाइटवर शोधत बसेल. शब्दाचा इतिहास जुना मजकूर उलगडायला वापरायचा, नवा लिहायला नाही.

पुतण्याला ती नोकरी लागली. आता तो हिंजवडीला तीन पोरांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. त्यातला एक रात्री दोनला मिक्सर लावतो. परवा फोनवर म्हणाला, ‘काका, तेव्हा चुकलेलं वाक्य आहे ना, ते आता बरोबर झालंय.’