रोजच्या फोटोंसाठी फिक्स लेन्स कॉम्पॅक्ट की लेन्स बदलता येणारा कॅमेरा?

कॅमेरा घ्यायच्या आधी एक करा, आत्ता जो झूम लेन्स असेल त्याने काढलेले शे-दोनशे आवडते फोटो उघडून प्रत्येकाची फोकल लेन्थ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दृश्य टिपते तो एमएममधला आकडा) बघा. कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेम म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) असेल आणि बहुतेक फोटो १८ ते २३ एमएमच्या आसपास निघाले (म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबात २८ ते ३५) तर सरळ फिक्स लेन्सवाला कॉम्पॅक्ट (झूम नसलेला, लेन्स बदलता न येणारा छोटा कॅमेरा) घ्या. रिको जीआर ३ मध्ये २८ची लेन्स आहे, फुजी एक्स१०० मालिकेत ३५ची, आणि दोघांतही सेन्सर एपीएस-सीच, त्यामुळे लहान बॉडी म्हणून क्वालिटी कमी असं अजिबात नाही. जीआर तर बॅटरीसकट जेमतेम २५७ ग्रॅम, खिशात मावतो म्हणून रोज सोबत येतो, आणि माझ्या मते रोजच्या फोटोंसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं.

पण पक्षी, स्टेजवरचे कार्यक्रम, लांबून खेळणारी मुलं असं काही काढत असाल तर लेन्स बदलता यायलाच हवी, नंतर फोटो क्रॉप करून (कापून मोठा करून) तेवढी मजा येत नाही.

अजून ठरत नसेल तर झूमची रिंग चिकटपट्टी लावून २३वर अडकवा आणि आठवडाभर तसंच शूट करा, कितीदा हात पट्टी काढायला जातो ते बघा.