मालदीवचा पहिला हंगाम: मालवणच्या पोराचा अनुभव

मालवणात पावसाळा लागला की स्कूबाच्या होड्या वर ओढून ठेवतात आणि आम्ही पोरं रिकामी. नेमका तेव्हाच मालदीवच्या बा अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळबेटांच्या एका कड्यात, मांटा रे या पंखांसारखे कल्ले असलेल्या मोठ्या चपट्या माशांचा हंगाम भरात असतो, साधारण मे ते नोव्हेंबर. या हिशेबानेच मी धरवंधू बेटावरच्या एका गेस्टहाऊसमध्ये डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जाणारा गाइड, म्हणून गेलो.

आधी कागदाचं. टुरिस्ट म्हणून उतरून काम शोधू नका. कामाचा परवाना मालकाने काढायचा, तोही तुम्ही निघण्याआधी. पगाराबरोबर सर्व्हिस चार्जमधला वाटा करारात लिहून घ्या. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा डाइव्हमास्टर कोर्स सुरू करायला ४० डाइव्ह लागतात, पुरा करायला ६०. पोहण्याच्या परीक्षेत ४०० मीटरला घड्याळावर गुण मिळतात. आपण समुद्रकाठचे, आपल्याला काय, असं मला वाटलं होतं. धाप लागली.

खरी शिकवणी झाली बा अटॉलमधल्या हनीफारूच्या खाडीत. नैऋत्य वाऱ्याच्या दिवसांत भरतीचा ओढा प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, या खाडीत लोटतो, ते आत अडकतं आणि मांटा आ वासून ते गाळत फिरतात. २०११ पासून बा अटॉल युनेस्कोचं राखीव जीवावरण क्षेत्र आहे. हनीफारूत पाठीवर हवेची टाकी लावून उतरायला बंदी. फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पृष्ठभागावर पोहणं, सोबत परवानाधारक गाइड, आणि ४५ मिनिटं झाली की बाहेर.

माझ्याबरोबर बेटावरचीच एक मुलगी शिकत होती. एक पाहुणा बुडी मारून मांटाच्या पाठीला हात लावायला निघाला, तर तिने शिट्टी मारून त्याला सरळ होडीत बसवलं. टिप गेली म्हणून मी मनात चरफडलो. मालवणात मी स्वतः पाव टाकून मासे गोळा करून दाखवत असे, हे तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, हे मासे आले नाहीत तर मला घर सोडून रिसॉर्टवर कामाला जावं लागेल. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस निघाली, म्हणून तिला घरी राहून नोकरी मिळाली होती.

या बेटांवर दारू नाही, बिकिनी नेमलेल्या किनाऱ्यावरच. हेही पाहुण्यांना आपणच सांगायचं. जेवणाची मात्र चिंता नको. न्याहारीला ट्युना आणि ओलं खोबरं, म्हणजे मस हुनी, सोबत रोशी, म्हणजे तिथली पातळ चपाती. घरच्यासारखंच.

फक्त गणपतीला घरी येता येणार नाही. हे आईला जायच्या आधीच सांगा. मी विमानतळावरून फोनवर सांगितलं होतं.