अमेरिकेत टॅक्स रिफंड अडकलाय? फॉर्म ९११ भरा

रिफंड महिनोनमहिने येत नाही आणि फोनवर नुसतं 'प्रोसेसिंग चालू आहे' ऐकून कंटाळला असाल तर टॅक्सपेयर अ‍ॅडव्होकेट सर्व्हिसकडे जा, ते आयआरएसमध्येच (अमेरिकेचं टॅक्स खातं) आहेत पण स्वतंत्रपणे काम करतात, आणि फुकट.

१. आधी आयआरएसच्या वेबसाइटवरच्या 'व्हेअर्स माय रिफंड' वर स्टेटस बघून स्क्रीनशॉट काढा.
२. फॉर्म ९११ (या सर्व्हिसकडे मदत मागायचा अर्ज) डाउनलोड करा. त्यात अडचण नेमकी लिहा, म्हणजे घरभाडं थकलंय, वीज तोडायची नोटीस आलीय वगैरे, आणि कागद जोडा. नुसतं 'उशीर झाला' लिहून सहसा भागत नाही.
३. आपल्या राज्यातल्या टॅक्सपेयर अ‍ॅडव्होकेटच्या ऑफिसला फॅक्स करा. ईमेलही चालतो, पण त्यात सोशल सिक्युरिटी नंबर जातो, म्हणून मी फॅक्सच म्हणेन.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ऑफिसला फोन लावा. आणि हो, टॅक्सपेयर अ‍ॅडव्होकेटच्या नावाने कोणी या कामाचे पैसे मागितले तर तो फ्रॉड समजा.