सणाच्या दिवशी हशा पिकवायचा तर

सणाच्या दिवशी घरात किंवा कार्यालयात चार घटका मनमोकळे हसावे असे सर्वांनाच वाटते. पण ते काम बहुधा एखाद्या बोलक्या माणसावर सोपवले जाते, त्याचे विनोद सांगून संपतात आणि मग सगळे पुन्हा आपापल्या मोबाइलकडे वळतात. पुण्यात आमच्या सोसायटीचे आणि कार्यालयाचे कार्यक्रम बरीच वर्षे आखल्यानंतर माझे असे मत झाले आहे की आपल्या सणांमध्ये हसण्याच्या जागा पूर्वजांनी आधीच करून ठेवल्या आहेत. त्या हेरून तिथे प्रत्येकाला छोटेसे काम दिले, की वेगळे मनोरंजन आणावे लागत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. तळताना करंजीचे तोंड उघडले तर आपण ती ‘हसली’ म्हणतो आणि अनारसा तुपात विरघळून पसरला तर तोही ‘हसला’ म्हणतो. ज्या भाषेने फसलेल्या पदार्थाला हा शब्द दिला, त्या भाषेच्या घरात तो पदार्थ लपवून ठेवण्याचे कारण नाही. दिवाळीत फराळाच्या ताटांसोबत एक ‘हसरे ताट’ मांडावे. त्यात उघडलेल्या करंज्या, तुकडे पडलेल्या चकल्या आणि दगडासारखे झालेले लाडू ठेवावेत आणि प्रत्येकापुढे तो कसा बिघडला हे एका ओळीत लिहावे. करंजीची कड नीट दाबली गेली नाही, अनारशाच्या पिठात गूळ जास्त झाला, पाक पुढे गेला अशी खरी कारणे लिहिल्यास नव्याने शिकणाऱ्यांना उपयोगही होतो. मात्र फराळ एकट्या आईने केला असेल, तर हे ताट मांडायचे की नाही ते तिलाच ठरवू द्यावे. दिवसभर कढईपुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या चुकीवर, कढईला हात न लावलेल्यांनी हसणे शोभत नाही. सगळ्यांनी करंज्या भरल्या असतील, तर सगळ्यांच्याच हसतात.

गणपतीत आरती संपल्यावर प्रसाद वाटेपर्यंतचा वेळ फार चांगला असतो. लहानपणी आपण आरतीत कोणता शब्द चुकीचा म्हणत होतो, हे प्रत्येकाने आठवून सांगावे. ‘फणिवरबंधना’ऐवजी ‘फळीवर वंदना’ आणि ‘संकटी’ऐवजी ‘संकष्टी’ म्हणणारे प्रत्येक घरात निघतात. आजोबाही तसेच म्हणत होते हे कळल्यावर नातवंडांचा आनंद पाहण्यासारखा असतो. त्यानंतर खरा शब्द आणि त्याचा अर्थ मोठ्यांनी समजावून सांगावा. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग, तो ज्याने कमरेला बांधला आहे तो गणपती, हे एकदा हसत कळलेले मूल पुढे ते विसरत नाही. हा खेळ दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये, कारण ताटातले मोदक समोर दिसत असतात.

पुणेकरांच्या हाती आणखी एक साधन आहे, ते म्हणजे पाटी. पुणेरी पाटी लिहिण्याचे तंत्र साधे असले, तरी ते पाळावे लागते. विषय अगदी किरकोळ घ्यावा, भाषा सरकारी सूचनेसारखी गंभीर ठेवावी, उद्गारचिन्ह वापरू नये आणि शेवटच्या वाक्यात वाचणाऱ्याची संभाव्य पळवाट बंद करावी. ‘चिवड्याचा डबा उघडण्यापूर्वी आजीस विचारावे. आजी झोपली असल्यास तिला उठवू नये व डबाही उघडू नये.’ अशी एक पाटी फ्रिजवर लागली, की घरातली मुले दुपारपर्यंत आणखी पाच पाट्या तयार करतात. कार्यालयात हाच खेळ स्पर्धेच्या रूपाने घेता येतो. कॉफीचे यंत्र, बैठकीची खोली, वाहनतळ असे विषय द्यावेत आणि पाट्या दोन दिवस भिंतीवर राहू द्याव्यात. विषय वस्तू किंवा जागा असावा, व्यक्ती नसावी, एवढा नियम आधीच सांगावा.

संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते आणि त्यात उखाणे ओघाने येतातच. इथे मला मनापासून एक बदल सुचवावासा वाटतो. उखाण्यात पतीचेच नाव घ्यायचे असले, तर विधवा मावशी, अविवाहित आत्या आणि घरातले पुरुष हळूच बाजूला होतात. मावशी तर ‘चहाचे बघते’ म्हणून आत निघून जाते. म्हणून नाव कोणाचेही चालेल असे जाहीर करावे. नातवाचे, मैत्रिणीचे, शेजाऱ्यांचे नाव घेता येते. उखाणा ऐनवेळी सुचत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी कळवावे आणि पहिली ओळ नेहमीच्या जगण्यातून घ्यायला सांगावी. उदाहरणार्थ:

तुळशीबागेत गेले होते आणायला एक चमचा,
सात पिशव्या पाहून अमुकराव म्हणाले, संसार नवा का आमचा?

पहिल्या ओळीत साधा प्रसंग, दुसऱ्या ओळीत थोडी अतिशयोक्ती आणि शेवटी यमक, एवढे जमले तरी पुरे. वृत्त चुकले तर कोणी टोकू नये.

कार्यालयात अधिक जपावे लागते, हे मी अनुभवाने शिकलो. पूर्वी एका ठिकाणी दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही महाविद्यालयातल्यासारखे शेलापागोटे, म्हणजे एकमेकांवर गमतीच्या चिठ्ठ्या लिहून त्या सर्वांसमोर वाचण्याचा खेळ, ठेवले होते. चिठ्ठ्या निनावी होत्या आणि कोणीही त्या आधी वाचल्या नव्हत्या. एका सहकाऱ्याच्या वजनावर लिहिलेली चिठ्ठी भर सभेत वाचली गेली. सगळे हसले, तोही हसला. पण पुढच्या वर्षी त्याने त्या दिवशी रजा घेतली. तेव्हापासून मी चार गोष्टी कटाक्षाने पाळतो. प्रत्येक चिठ्ठी आधी दोघांनी वाचायची, त्यांपैकी एक तरी स्त्री असावी. शरीर, जात, धर्म, प्रांत, उच्चार, पगार आणि लग्न हे विषय पूर्ण वर्ज्य. ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला ती आधी दाखवून ‘चालेल ना?’ असे विचारायचे. आणि सर्वांत वरच्या साहेबांनी पहिली चिठ्ठी स्वतःवर घ्यायची. आधी दाखवल्याने गंमत जाते असा आक्षेप घेतला जातो, पण माझा अनुभव उलट आहे. माणूस निर्धास्त असला की स्वतःच आणखी एक ओळ सुचवतो. यात कायद्याचाही भाग आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक सूचक शेरे हा छळाचाच प्रकार आहे आणि ते सणाच्या कार्यक्रमात विनोद म्हणून केले, या सबबीने त्यांचे स्वरूप बदलत नाही.

हिंजवडी किंवा खराडीच्या कार्यालयांत निम्मे सहकारी इतर राज्यांतून आलेले असतात. शब्दांवरच्या कोट्या त्यांच्या डोक्यावरून जातात आणि ते नुसते हसल्यासारखे करतात. त्यांच्यासाठी खंडेनवमी फार सोयीची आहे. त्या दिवशी आपण शस्त्रांची आणि कामाच्या अवजारांची पूजा करतो, म्हणून प्रत्येकाने आपले खरे आयुध आणावे आणि एका मिनिटात त्याचा पराक्रम सांगावा. आमच्याकडे एकाने सहा वर्षे चाललेला चहाचा मग आणला, लेखा विभागातल्या ताईंनी गणकयंत्र आणले आणि सुरक्षारक्षक काकांनी आणलेल्या टॉर्चची गोष्ट सर्वांत जास्त रंगली. काकांना बोलावले नसते, तर ती गोष्ट आम्हाला कधीच कळली नसती. सफाई करणाऱ्या मावशी, चालक, रखवालदार यांना पाहुणे म्हणून न बोलावता स्पर्धक म्हणून बोलवावे.

भोंडल्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घर आणि कार्यालय दोन्हींना सारखाच लागू पडणारा खेळ त्यात आहे. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, वेड्या नवऱ्याची आणि सासरची गमतीची गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. विदर्भातून आलेल्या मैत्रिणी भुलाबाईची गाणी जाणतात, त्यांना त्या गाण्यांसाठी एक फेरी आवर्जून द्यावी. गाणी छापून वाटावीत, म्हणजे नवखे मागे राहत नाहीत. खिरापत आणणाऱ्यांनी मात्र डब्याची तयारी नीट करावी. डबा हलवून अंदाज घेतला जातो, त्यामुळे चुरमुरे किंवा शेंगदाणे लगेच ओळखले जातात. पदार्थ कापडात घट्ट गुंडाळून ठेवल्यास आवाज येत नाही; डब्यात मुद्दाम दोन सुपाऱ्या टाकल्यास ओळखणारे भलतीकडेच जातात. ‘गोड की तिखट’ एवढेच विचारायची परवानगी द्यावी आणि एकाने तीनदा चुकल्यावर पाळी पुढे जावी. कोणालाच ओळखता आले नाही, तर जिने खिरापत केली तिला पहिला घास आणि बसायला खुर्ची द्यावी. वाटण्याचे काम त्या दिवशी हरलेल्यांनी करावे.