सांडपाण्यावर जैविक प्रक्रियेचं संशोधन करताय? या चुका टाळा

इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसचं (कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं) रंगीत पाणी, साखर कारखान्यांचं पाणी, शहरातून पंचगंगेकडे जाणारा जयंती नाला. कोल्हापुरात या विषयावर काम करायचं तर नमुन्यासाठी लांब जावं लागत नाही. शिवाजी विद्यापीठात कापडाच्या रंगांच्या जैविक विघटनावर बरीच वर्षं काम झालंय. तरी नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या हातून काही चुका हमखास होतात. त्यातली सर्वांत गंभीर आधी.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं समजणं

फ्लास्कमध्ये जिवाणू सोडले, निळं पाणी फिकं पडलं, कलरीमीटरवर आकडा उतरला की प्रकल्पात लगेच ‘विघटन’ हा शब्द येतो. थांबा. अ‍ॅझो रंगांमधला (कापडाच्या रंगांतला एक मोठा गट) दोन नायट्रोजन अणूंमधला बंध जिवाणू बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी असतानाच तोडतात. बंध तुटला की रंग जातो, पण मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स (रंगाच्या रेणूचे तुकडे) उरतात. ती बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असतात. इचलकरंजीच्या खाली शिरोळ तालुक्यातली गावं याच नदीच्या काठावर आहेत, म्हणून ही चूक नुसत्या गुणांपुरती राहत नाही.

मग करायचं काय? एकाच तरंगलांबीवर न थांबता २०० ते ८०० नॅनोमीटर पूर्ण स्कॅन घ्या. आलेखाच्या दृश्य भागातलं शिखर खाली गेलं आणि अतिनील भागात नवं उगवलं, तर रेणू तुटलाय पण संपलेला नाही. सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) किती उतरला तेही बघा. ऑक्सिजनविरहित टप्प्यानंतर हवा देऊन दुसरा टप्पा ठेवा, कारण यातली बरीच अमाइन्स पुढे ऑक्सिजन असतानाच तुटतात. शेवटी प्रक्रिया केलेल्या पाण्यात मूग किंवा ज्वारीचं बी रुजवून मुळांची लांबी साध्या पाण्यातल्या बियांशी ताडून बघा. खर्च नगण्य, आणि पाणी शेतात गेलं तर काय होईल याचा अंदाज मिळतो.

आणखी एक. सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाची गोळी निळी दिसली, तर रंग पेशींना नुसता चिकटलाय. ऑटोक्लेव्ह करून मारलेल्या जिवाणूंचा एक फ्लास्क सोबत ठेवलाच पाहिजे. त्यातही रंग तेवढाच उतरला, तर ते विघटन नव्हे.

नमुना उन्हात आणणं

बाटली पिशवीत घालून एसटीने आणली की वाटेतच जिवाणू कामाला लागतात आणि बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) घटतो. बर्फाच्या डब्यात, ४ अंशांच्या आसपास आणा. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्या, बीओडीच्या बाटलीत मात्र अजिबात नको. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर ३ दिवसांचा करतात, जुन्या पद्धतीत २० अंशांवर ५ दिवसांचा. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका.

रंगाईच्या पाण्यात मीठ भरपूर असतं. क्लोराइडमुळे सीओडी खोटाच वाढतो, त्यामुळे मर्क्युरिक सल्फेट (पाऱ्याचा क्षार) पुरेसं घाला, आणि उरलेला पारा बेसिनमध्ये ओतू नका.

गाळ बसत नाही म्हणून हवा वाढवत राहणं

हवा दिलेल्या टाकीतला जिवाणूंचा गाळ एक लिटरच्या मोजपात्रात भरून ३० मिनिटं ठेवा. तो सुरुवातीपासूनच फुगीर राहिला आणि सावकाश उतरला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तंतुमय जिवाणू शोधा. आधी छान बसला आणि तास-दोन तासांनी गोळ्या होऊन वर आला, तर नायट्रेटपासून तयार झालेला नायट्रोजन वायू त्याला उचलतोय. अलगद ढवळा, बुडबुडे सुटले की परत खाली जातो. इथे हवा वाढवून उपयोग नाही, सेटलिंग टाकीतून गाळ लवकर परत न्या.

साखर कारखान्याच्या पाण्यात तंतुमय जिवाणू वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उपासमार. कार्बन भरपूर, नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १००:५:१ धरतात. म्हणजे १००० मिलिग्रॅम बीओडीला ५० नायट्रोजन, १० फॉस्फरस. थोडा युरिया आणि डीएपी हिशोबाने घातला की गाळ सुधारतो, पण एका दिवसात नव्हे. जुना गाळ निघून नवा तयार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात रोज प्रमाण बदलत बसू नका.