जायरोकॉप्टर शिकताय? चाकं टेकल्यावरही सावध राहा

जायरोकॉप्टरच्या (डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या) प्रशिक्षणात विमान कलंडून आडवं होण्याचा धोका बऱ्याचदा चाकं टेकल्यानंतर असतो. कारण डोक्यावरचा रोटर, म्हणजे फिरणारी पाती, तेव्हाही मिनिटाला दोन-तीनशे फेरे घेत असतो आणि त्यात उचलण्याची ताकद शिल्लक असते. म्हणून मागची चाकं टेकली की स्टिक (हातातला नियंत्रणाचा दांडा) हळूहळू पूर्ण मागे घ्या. रोटर हवेला आडवा जातो, त्याचाच ब्रेक लागतो आणि धावपट्टीवरची धाव कमी होते.

आता पायांकडे लक्ष द्या. एमटीओस्पोर्ट या मॉडेलसारख्या मशिनमध्ये पुढचं चाक थेट पायाच्या पेडलला जोडलेलं असतं. बाजूच्या वाऱ्यात नाक सरळ ठेवायला एक पेडल दाबलेलं असतं, आणि त्याच अवस्थेत पुढचं चाक जमिनीला लागलं तर मशिन झटक्यात वळतं. नाक खाली येण्याआधी पेडल मध्यावर आणा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, नंतर ती लागता लागत नाही.

वेग चालण्याइतका होईपर्यंत वळू नका. रोटर मंदावला की स्टिक पुढे घेऊन वाऱ्याच्या दिशेला किंचित कललेली धरा, नाहीतर वारा पात्यांखाली शिरतो.

आणि उतरतानाचा वेग मशिनच्या हँडबुकात दिलाय तोच ठेवा. जमिनीजवळ वेग पडला तर नुसतं नाक वर करून खाली जाणं थांबत नाही, उलट वाढतं. उंची असेल तर नाक खाली घ्या, नसेल तर लगेच पॉवर द्या. पॉवर देताना नाक बाजूला ओढलं जाईल, पेडल तयार ठेवा.