पीयू फोम मारताय? आधी झाकायला शिका, या चुका टाळा

मी गच्च्यांवर आणि शेडना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोम फवारतो, गळती आणि उष्णता अडवायला. मला सगळ्यात जास्त फोन फोम सुटला किंवा गच्ची गळतेय म्हणून येत नाहीत. फोन येतात ते "दादा, शेजारच्यांच्या गाडीवर उडालंय, कशानं निघेल?" असे. आणि माझं उत्तर दर वेळी तेच असतं, की पुसून निघत नाही, खरवडावंच लागतं. समोरचा मग म्हणतो, काहीतरी केमिकल असेल ना? नाही बाबा. एकदा सेट झालेलं पॉलियुरेथेन विरघळवणारं आणि खालचा रंगही शाबूत ठेवणारं औषध १४ वर्षांत माझ्या हाताला लागलेलं नाही. ॲसिटोननं फक्त ओला माल निघतो, आणि ओला तो राहतोच किती वेळ? आयसो (आयसोसायनेट) आणि पॉलिऑल ही फोमची दोन रसायनं दोन गरम होजमधून (नळ्यांमधून) येऊन गनच्या तोंडाशी मिसळतात, तीन-चार सेकंदात फुगायला लागतात आणि पंधरा-वीस सेकंदात बोट लावलं तरी चिकटत नाही. तुम्ही कापड शोधेपर्यंत विषय संपलेला असतो.

म्हणून आजूबाजूचं सगळं झाकणं हे "आधीचं किरकोळ काम" नाही, निम्मं काम तेच आहे. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी गन मागतात, मी हातात टेप देतो. ज्याला एक खिडकी धड झाकता येत नाही त्याला मी गनला हात लावू देत नाही, मग त्याला राग आला तरी चालेल.

वारा बघायचा तो गच्चीवर, खाली उभं राहून नाही

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून सविस्तर सांगतो. एप्रिल महिना, कोथरूडमधली चार मजली सोसायटी, साडेतीन हजार स्क्वेअर फूट गच्ची. सकाळी सातला सुरू करायचं ठरलं होतं पण मशीनचा होज हीटर चालेना, तो दुरुस्त होईपर्यंत अकरा वाजले. त्या दिवशी काम पुढं ढकलायला हवं होतं. पण सेक्रेटरी काका म्हणाले आजच उरका, उद्या गच्चीवर कार्यक्रम आहे, आणि मीही म्हटलं चला, खाली तर पान हलत नाहीये. अडीचच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला. पुण्यात मार्च ते मे दुपारनंतर तो सुटतोच, हे मला माहीत होतं, तरी शेवटचा चौथा भाग राहिला होता म्हणून मी थांबलो नाही. पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला वारा आपटला की वर उसळतो आणि फोमचे बारीक कण उचलून पलीकडे नेतो, गन मारणाऱ्याला मास्कच्या काचेतून ते दिसतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ-सत्तर मीटरवरच्या दुसऱ्या सोसायटीतून लोक आले. नऊ गाड्या. पांढऱ्या गाड्यांवर डोळ्यांना काही दिसत नव्हतं, हात फिरवला की पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं लागायचं. काळ्या गाडीवर तर सरळ पिवळट ठिपके दिसत होते. त्यातल्या एका गृहस्थांनी ओल्या फडक्यानं घासून बघितलं होतं, त्यामुळं बॉनेटवर बारीक चरे पडले ते वेगळेच. मग डिटेलिंगवाल्यांना आणून साबणाचं पाणी मारत क्ले बारनं (रंगावरचे कण उचलणाऱ्या मऊ वडीनं) एकेक पॅनल साफ केलं, काचा ब्लेडनं, वर पॉलिश. पाच दिवस लागले. त्या कामाचा नफा गेला, वरून खिशातले गेले, आणि नऊ घरांपुढं हात जोडून उभं राहावं लागलं त्याची बोच अजून आहे.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. पॅरापेटच्या चारही कोपऱ्यांना बांबू उभे करतो आणि त्याला पॉलिथिनची हातभर पट्टी सुतळीनं बांधतो. पट्टी लोंबत असेल तोवर काम, आडवी व्हायला लागली की गन बंद. मालाच्या डेटाशीटमध्ये वाऱ्याला साधारण ताशी २० ते २४ किलोमीटर वेगाची मर्यादा दिलेली असते पण ती मोकळ्या माळावरच्या शेडला ठीक आहे, दाट वस्तीत वारा १२ च्या वर गेला की मी थांबतो. उन्हाळ्यात साडेसहा ते अकरा एवढाच वेळ मारतो, दोन दिवसांचं काम तीन दिवस चाललं तरी चालेल. थंडीत मात्र पहाटेची घाई करू नका, स्लॅबवर दव असतं आणि आयसो पाण्याला लागला की गॅस तयार होतो, फोम खालून पोकळ राहतो आणि पोळीसारखा सुटून येतो. ऊन येऊन स्लॅब सुकू द्या, मग सुरू करा.

वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला पाइपच्या फ्रेमवर पाच-सहा फूट उंच ताडपत्री लावा. हिरवी शेडनेट लावून मोकळे होणारे बरेच आहेत. नेटनं वारा थोडा मंदावतो, कण आरपार जातात. आणि पॅरापेटजवळ मारताना बाहेर उभं राहिल्यासारखं तोंड आतल्या बाजूला करून मारा, गन बाहेरच्या दिशेला रोखायचीच नाही. काठावर एक जण प्लायवूडचा तुकडा आडवा धरून सोबत सरकत गेला की अर्धा त्रास तिथंच अडतो. गन दीड-दोन फुटांवर आणि पृष्ठभागाशी काटकोनात. लांबून मारलं की पटापट भरल्यासारखं वाटतं पण अर्धा माल हवेत जातो.

आदल्या दिवशी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या वॉचमनना भेटा, गाड्या हलवायला सांगा, वाळत घातलेले कपडे काढायला सांगा, आणि ज्या गाड्या हलणार नाहीत त्यांचे फोटो काढून मग कव्हर घाला. लोक सांगितलं की ऐकतात. न सांगता केलं तर जुना ओरखडाही तुमच्याच नावावर लागतो.

"नंतर थिनरनं पुसू"

या वाक्याची मला चीड आहे. चाकणला एका कारखान्याच्या शेडला पत्र्याच्या आतून फोम मारायचा होता, ४० मिलिमीटर. पत्र्यांमध्ये उजेडासाठी मधे मधे पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) शीट होत्या. हे काम दुसऱ्या टीमनं अर्धं केलं होतं आणि मला नंतर बोलावलं. त्यांनी शीट झाकल्याच नव्हत्या, वर शिडी लावून कोण झाकणार म्हणून नुसतं कडेकडेनं "सांभाळून" मारलं होतं. सांभाळून वगैरे काही नसतं हो, फोम २५-३० पट फुगतो आणि त्याची धूळ सगळीकडे बसते. मग त्यांच्यातल्या एकानं थिनर घेतला आणि शीट पुसायला लागला. पॉलिकार्बोनेटला थिनर आणि ॲसिटोन दोन्ही चालत नाहीत, शीट पांढरी धुरकट पडली आणि बारीक तडे गेले. मी पोचलो तेव्हा २२ शीट बदलण्यावरून भांडण चालू होतं. आतून पॉलिथिन आणि कडेला टेप, दोन माणसांचं एका दिवसाचं काम होतं ते.

पावडर कोटिंगच्या खिडक्यांचंही तसंच, थिनरनं चकाकी जाते. उघड्या विटांच्या भिंतीवर किंवा खडबडीत दगडावर उडालं तर विसरा, छिद्रात बसलेलं कधीच निघत नाही, तिथं दोन थर पॉलिथिन लावा. ग्रॅनाइट आणि काचेवर ब्लेड चालतं, काच ओली करून आणि ब्लेड नवं घेऊन. घासणी अजिबात नको.

आता पटापट बाकीच्या.

वर्तमानपत्रानं झाकू नका, कडा उघड्या राहतात, वाऱ्यानं फाटतं आणि फाटलेला कागद फोममध्ये रुततो. मी १०० मायक्रॉन पॉलिथिन वापरतो, मोटर, पॅनल बोर्ड, क्रेन यांना वर स्ट्रेच फिल्म.

खाकी पॅकिंग टेप रंगाच्या भिंतीला लावू नका, काढताना रंग घेऊन येतो. मास्किंग टेपच घ्या, आणि लावायच्या आधी भिंत कोरड्या फडक्यानं पुसा. धुळीवर लावलेली टेप म्हणजे न लावलेली टेप.

पाण्याच्या टाक्यांची झाकणं तपासा. अर्ध्या गच्च्यांवर ती फुटलेली असतात आणि त्याच टाकीचं पाणी लोक पितात.

पावसाच्या पाइपांच्या तोंडात गोणपाटाचा बोळा पॉलिथिनमध्ये गुंडाळून घाला आणि किती घातले ते वहीत लिहा. एक बोळा आत राहिला तर जूनमध्ये गच्चीचं तळं होतं.

शेडमध्ये स्प्रिंकलरच्या डोक्यांना आणि स्मोक डिटेक्टरला छोट्या पिशव्या बांधा आणि काम संपल्यावर मोजून काढा. डोक्यावर फोम बसला तर आग लागल्यावर ते वेळेत उघडणार नाही, इथं निष्काळजीपणा चालतच नाही.

छतावरचे फिरणारे व्हेंटिलेटर हे तर कुणाच्याच लक्षात येत नाहीत. आत तुम्ही सगळं झाकलंय आणि वरचे भोपळे आतली धूळ ओढून बाहेर पत्र्यावर, सोलर पॅनलवर आणि शेजारच्या प्लॉटवर फेकतायत. वरून पोतं बांधून बंद करा. हवा बाहेर काढायचीच आहे, तर एका मोकळ्या बाजूला फिल्टर लावलेला पंखा ठेवा, आणि आत मारणाऱ्याला बाहेरून हवा येणारा मास्क द्या. तोंडाला रुमाल बांधून आयसोची वाफ घेणारी पोरं मी बघितलीत, त्यातल्या एकाला आता कायमचा दमा आहे. काम चालू असताना त्या जागेत दुसरं कुणी फिरकायला नको, चहावालासुद्धा.

आणि शेवटचं, झाकलेलं काढायचं कधी. फोम हाताला घट्ट लागायला लागला की त्याच दिवशी काढायला घ्या, टेप उन्हात दोन दिवस राहिली की तिचा गोंद भाजून बसतो. पण सरळ ओढू नका, टेपवरून पुढं आलेला फोम ओढताना आतल्या फोमची कड उचलते. कडेनं आधी कटर फिरवा, मग ओढा. संध्याकाळी अंधार पडायला लागला की मी टॉर्च भिंतीला आडवी टेकवून पूर्ण चक्कर मारतो, आडव्या उजेडात कण लगेच दिसतात. फोम पूर्ण पिकायला साधारण २४ तास जातात, त्यामुळं त्या संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पट्टीनंही बरेच कण निघून येतात, दुसऱ्या दिवशी त्यालाच ब्लेड लागतं.